गळ्यापर्यंत भरलेली बाटली

सेबू, १२ जुलै

नोंग कार्पो,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. तुझी बायको तुझ्यापेक्षा शहाणी आहे, ती निदान उचलते. पण प्रत्येक वेळी नांग सेल्याचं उत्तर एकच, "ते माडावर चढलेत." वादळाने निम्मे माड शेंड्यासकट मोडून ठेवलेत आणि उरलेल्यांवर तू दिवसभर बसून असतोस? थोरला भाऊ आहेस की कावळा?

आधीच सांगते, माफी मागायला हे पत्र लिहीत नाही. तुमच्या संघाच्या तेलात भेसळ आहे, ह्या अहवालावर सही माझी आहे. तीच बाटली पुन्हा हातात आली तर पुन्हा तेच लिहीन. भाऊ म्हणून वेगळं लिहायचं असतं तर मला इतकी वर्षं प्रयोगशाळेतल्या ह्या चुंबकाशेजारी बसायचं कारण नव्हतं, घरी आईच्या, नानायच्या खवणीवर बसले असते.

तू सगळ्यांना सांगत फिरतोस की इंदायने, म्हणजे मी, भावाला बुडवलं. म्हणून एकदा नीट वाच. काचेच्या बारीक नळीत तेलाचे चार थेंब घालायचे आणि नळी चुंबकात सोडायची. तेलातली मेदाम्लं तिथे आपापल्या परीने थरथरतात आणि पडद्यावर प्रत्येकाचा सुळका आपल्या ठरलेल्या जागी उठतो. नारळाच्या तेलात बहुतेक सगळी आखूड आणि शांत मंडळी, लॉरिक त्यांच्यातलं मोठं. सगळी गर्दी उजवीकडे होते आणि डावीकडचं अंगण जवळजवळ रिकामं राहतं. तुझ्या बाटलीत त्या अंगणात माणसं उभी होती. ओलेइक होतं, लिनोलेइक होतं, आणि नारळात जेवढं असतं त्याहून नक्कीच जास्त. दुकानातल्या पाम तेलात ते असतं. अगदी डाव्या टोकाला अजून काही बारीक टोकं होती, जुन्या, हवा लागलेल्या तेलात दिसतात तशी. ती मी अहवालात घेतलीच नाहीत. म्हटलं, बाटली नीट धुतली नसेल.

तेल काढणाऱ्या तुमच्या संघात सगळ्या बाया आणि पिंपांच्या खोलीची किल्ली एकट्या तुझ्याकडे. मग लोक कोणाचं नाव घेणार?

आणि सांगितलेलं एक तरी ऐकतोस का? बाटलीचा गळा रिकामा सोड, उन्हात तेल फुगतं, बूच उडेल, असं मी बजावून सांगितलं होतं. बाटली आली ती काठोकाठ. गुंडाळलेलं अर्धं वर्तमानपत्र तेलाने भिजलेलं.

दुसरी बाटली पाठव. पिंपातून तुझ्या हाताने काढ. परदेशातला खरेदीदार गेला, तो काही परत येत नाही. पण माझ्या सुट्टीच्या दिवशी मी ती लावीन. तेल चांगलं निघालं तर पहिल्या बोटीने येईन आणि चर्चच्या पायरीवर उभी राहून सगळ्या गावासमोर तो कागद वाचीन. एवढं तरी मला करू दे.

विसमिंदा

सेबू, ५ ऑगस्ट

नोंग,

बाटली आली नाही. आपल्या बेटावरून लारेनाची बोट लागली की मी धक्क्यावर जाते. तिथला हमाल आता मला बघून लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

एक बाटली रे. पिंपं अजून तिथेच आहेत, चावी तुझ्याकडे आहे, बूच लावायला किती वेळ लागतो? तेल चोख असतं तर तू पोहत आणून दिलं असतंस. तुला मी ओळखते. लहानपणी मी तुझी गोफण हरवली असं तू म्हणालास, तेव्हा खरं-खोटं करायला सगळं घर उपसलं होतंस. आता गाव चोर म्हणतंय आणि तू मुकाट. मग मी काय समजायचं, तूच सांग.

नांग सेल्याने संघ मोडल्याचं सांगितलं. बाया पुन्हा खोबरं वाळवून व्यापाऱ्याला घालू लागल्या. नांग तोयांग गावच्या धक्क्यावर तुला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली म्हणे, "कार्पोच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नका गं बायांनो, त्यातही काहीतरी मिसळलेलं असायचं!" सगळ्या हसल्या, आणि तू मासळीची टोपली उचलून चालू लागलास. पोरगा गेल्यापासून तिच्या जिभेला धरबंध राहिला नाही, हे मान्य. पण तू एक शब्द उलट बोलू नयेस?

नानायशी काल बोलले. ती विचारत होती, "इंदाय, तुझं यंत्र खोटं बोलतं का गं?"

"नाही, नानाय."

"मग झालं," ती म्हणाली. मग म्हणते, "मी माझ्याकडून केलं होतं गं त्याच्यासाठी. तरी नाही सावरलं. म्हणजे मुळातच किती खराब असेल बघ." काहीतरी नवस केला असेल तिने. मी पुढे विचारलं नाही, तिला धाप लागत होती. ही धाप कधीपासून आहे? मला कोणी का कळवलं नाही?

ती तू आणलेला मासा खात नाही, हेही तिनेच सांगितलं. सेल्या शेजारणीच्या घरचा आहे म्हणून वाढते, तेव्हा खाते.

आठवतं, ती प्रयोगशाळा बघायला आली होती ते? गळ्यातलं पदक काढ, केसांतल्या पिना काढ, असं सांगितल्यावर आमच्या साहेबांवर केवढी डाफरली, "पाद्रीसुद्धा मला इतकं उतरवायला सांगत नाही!" मग जमिनीवरच्या पिवळ्या रेघेपाशी उभी राहून त्या पांढऱ्या पिंपासारख्या चुंबकाकडे बघत राहिली. विचारलं काय तर, "वाईट माणूस दाराशी आला की माझ्या बरणीतलं तेल उकळतं. ह्याला उकळी येते का?" मी म्हटलं, हे रेघा काढतं. "एकच की," म्हणाली आणि साहेबांच्या कपाळाला तेलाचं बोट लावून मोकळी झाली.

माझ्या सहीवर तिने कधी शंका घेतली नाही, नोंग. तू तिला निदान एवढं तरी सांग की केलं ते वादळापायी केलं, नारळच नव्हते, ऑर्डर पुरी करायची होती. कबूल केलंस तर ती तुझा मासा खाईल.

विसमिंदा

सेबू, १६ ऑक्टोबर

नोंग,

बोटीत उलटी झाली. लाटा नव्हत्या, समुद्र ताटासारखा सपाट होता.

नानायच्या मागे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला थांबले नाही म्हणून गाव बोलत असेल. बोलू दे. मला त्या घरात तुझ्यासमोर बसवेना.

जे झालं ते विसरायचं म्हणते, पण सारखं तेच समोर येतं. शेवटच्या दिवशी नानायने तिची तेलाची बरणी मागितली. बोटाने माझ्या कपाळाला तेल लावलं, सेल्याच्या लावलं. दाराशी नांग तोयांग उभी होती, तिलाही बोलावून लावलं. मग तू गुडघे टेकून पुढे आलास. तिने बोट मागे घेतलं.

"त्याला नको," म्हणाली. "तेलाला सहन व्हायचं नाही."

सगळ्यांनी ऐकलं. तू "बरं, नानाय," म्हणालास, तिच्या पायांवरची चादर सारखी केलीस आणि बाहेर जाऊन लाकडं फोडत बसलास. ती गेली तेव्हाही कुऱ्हाडीचा आवाज येत होता.

मी तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं. हो, म्हटलं. तुझ्याशी गोड बोलून काय मिळवायचंय मला? आईच्या तोंडून तुला शिक्षा झाली असं वाटलं आणि थोडं बरं वाटलं. पण मग तू शवपेटीचा पुढचा कोपरा धरलास, चढावर तुझा पाय घसरला, आणि कोणी हात द्यायला पुढे आलं नाही. मीही नाही.

कबरीपाशी मी तुला विचारलं, "दुसरी बाटली का नाही पाठवलीस?" एवढ्या महिन्यांनी समोरासमोर विचारलं. तू काय म्हणालास? "बोट चुकेल तुझी." बस. एवढंच बोललास तू माझ्याशी.

वि.

सेबू, ४ नोव्हेंबर

नोंग कार्पो,

बरणी पोचली. पोत्यात गुंडाळलेली, भोवती काथ्या ठासलेला, बुचावर मेण. चिठ्ठी नाही. हमालाने ती दोन्ही हातांत धरून आणली आणि माझ्या हाती देताना क्रुसाची खूण केली.

ही बरणी थोरल्याची. नानायला तिच्या आईकडून आली, तीही थोरलीच होती. मग मला का? तुझ्या हातचं कोणी घेणार नाही म्हणून? की तुला घरात नको होती? मला काही कळत नाही आणि तू सांगणार नाहीस.

ओट्यावर ठेवली आहे. तळाशी मुळ्या, साली, ती डोंगरावरची काळी काटकी, सगळं तसंच. मला नियम ठाऊक आहे, बरणीला कधी तळ दिसू द्यायचा नाही, गुड फ्रायडेला जुन्या तेलावर नवं ओतायचं. आपल्या बेटावरची एक बाई इथे कपडे धुण्याच्या दुकानात काम करते. बरणी आल्याचं तिला कुठून कळलं देव जाणे. परवा दाराशी हजर, हातात औषधाची रिकामी बाटली. म्हणे, "नवऱ्याची छाती भरली आहे, थोडं द्या, तुमच्या आईच्या तेलाने आमच्या सासूला उतार पडला होता." मी दिलं. काय करू? रसायनशास्त्र शिकवू तिला दारात?

ती गेल्यावर बूच उघडं होतं आणि वास आला. नानायच्या पदराचा, चुलीचा. मी भिंतीला टेकून रडले. पहिल्यांदाच.

लोक आईची आठवण आली की फोटो काढून बसतात. मला दुसरं काय येतं? एका कुपीत चार थेंब घेतले आहेत. उद्या चुंबकात घालणार आहे. चाचणी म्हणून नाही. ती कशाची बनली होती ते एकदा बघायचंय.

वि.

सेबू, ८ नोव्हेंबर

नोंग, नोंग,

हे पत्र बसून वाच.

नानायचं तेल लावलं. पडद्यावर रेघ आली आणि मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. पुन्हा लावलं. तेच. नारळ आहे, पण कमी. डावीकडचं अंगण माणसांनी फुललेलं. बरणीतलं निम्म्याहून जास्त तेल दुकानातलं आहे.

वादळानंतरच्या गुड फ्रायडेला तिला नारळ मिळाले नसणार. तरी बरणी भरायची होती, तिने आणून ओतलं. मी हसले पण. म्हटलं, माझी नानाय! वर साहेबांच्या कपाळाला लावायला तयार.

मग डाव्या टोकाकडे नजर गेली आणि हसू गेलं. ती बारीक टोकं. जुन्या, हवा लागलेल्या तेलाची. त्यांच्या शेजारी अजून एक ओळ होती, ती कुठल्याच तेलाची नसते. ती मुळ्यांची होती. डोंगरावरच्या साली-मुळ्यांमधून उतरलेलं काहीतरी. ही ओळ मी आधी पाहिली होती.

जूनची फाइल काढली. तुझ्या बाटलीचा आलेख आणि बरणीचा आलेख एकावर एक ठेवले. नोंग, उंची कमी, पण टोक ना टोक जुळतं. तुझ्या बाटलीत चोख नारळाचं तेल होतं आणि वरून बरणीतलं ओतलेलं होतं. तू पिंपात पाम तेल मिसळलं असतंस तर त्यात त्या मुळ्या कुठून आल्या असत्या?

बाटली बोटीवर चढवण्याआधी नानायच्या देव्हाऱ्यापुढे ठेवली होतीस ना? ठेवली असशीलच, आपल्याकडे समुद्रापार जाणारी वस्तू तिथेच ठेवतात. तिने बघितलं असणार, गळा रिकामा. भरली नसलेली बाटली समुद्रावरून न्यायची नाही, रिकाम्या जागेत काय शिरेल सांगता येत नाही, हे तिने आपल्याला किती वेळा ऐकवलंय! तिने ती भरली. घरातल्या सगळ्यात पवित्र तेलाने. तू पास व्हावास म्हणून. "मी माझ्याकडून केलं होतं गं त्याच्यासाठी." मी नवस समजले!

आणि गळा रिकामा ठेवायला मी सांगितलं होतं. म्हणजे तू माझं ऐकलं होतंस. तेल फुगतं म्हणून मी शहाणपणा शिकवला आणि काठोकाठ बाटली बघून तुझ्यावरच चिडले.

यंत्र चुकलं नव्हतं. मीही नाही. त्या बाटलीत भेसळ होतीच. पण तू सुटलास, नोंग! आता कोणी तोंड वर करून बोलू दे तुझ्याबद्दल. मी खुलासा लिहायला घेतला आहे, दोन्ही आलेख जोडून. नानायच्या चाळिसाव्या दिवशी येते. मिस्सा संपली की चर्चच्या पायरीवर उभी राहीन आणि वाचीन, कबूल केलं होतं तसं. नांग तोयांगला पहिल्या ओळीत बसव.

तुला हे माहीत असणं शक्य नाही. माहीत असतं तर तू गप्प बसला नसतास.

तुझी इंदाय

सेबू, २० नोव्हेंबर

नोंग,

धक्क्यावर तू जे बोललास ते मी इथे लिहून ठेवते आहे. तू ते दुसऱ्यांदा बोलणार नाहीस, आणि मी ते माझ्या सोयीने बदलून टाकीन अशी मला भीती वाटते.

मी बोटीतून उतरले तर तू समोर. पिशवी घेतलीस आणि गावाकडे न जाता जाळी वाळत घालतात तिकडे चालू लागलास. मला वाटलं, मिठी मारशील. तू हात पुढे केलास, "दे तो कागद."

मी दिला. तू वाचलाही नाहीस. घडी घालून खिशात ठेवलास.

"वाच तरी! त्यात तुझं नाव धुतलंय मी."

"मला माहितीय त्यात काय आहे."

"कधीपासून?"

"तुझा अहवाल आला त्या दिवसापासून. नानायच म्हणाली मला. 'बाटली मी स्वतः भरली होती बरणीतल्या तेलाने, तरी नापास झाली. म्हणजे तुझं तेल किती खराब असेल, कार्पो!' चूल फुंकत होती. बोलता बोलता सहज म्हणाली."

"आणि बरणीत दुकानातलं तेल आहे हे?"

तू पाण्याकडे बघत होतास. "तिने माझ्याकडे नारळ मागितले होते. गुड फ्रायडेच्या आधी. बरणीला तळ दिसायला आलाय, दहा-बारा दे म्हणाली. वादळातून वाचलेला एकेक नारळ मी ऑर्डरसाठी मोजून ठेवला होता. मी म्हटलं, 'देवाला काय कळतंय, नानाय? दुकानातून आण.' चेष्टेत नाही म्हटलं. खेकसलो तिच्यावर. तिने आणलं."

मी म्हटलं, "मग सांगायचं होतंस तिला! आई, तुझ्या तेलामुळे झालं म्हणून. ती मरताना तुला—"

"सांगून काय झालं असतं?"

"तिने तुझ्या कपाळाला बोट लावलं असतं!"

"कुठल्या तेलाचं?" तू म्हणालास.

मग मी माझं जुनं पालुपद काढलं, दुसऱ्या बाटलीचं. तू म्हणालास, "दुसरी चोख निघाली असती. मग पहिलीत काय होतं म्हणून तू खोदत बसली असतीस. ओळखतो तुला. गोफण सापडेपर्यंत मी घर उपसलं, पण तू तर अंगणसुद्धा खणायला निघाली होतीस."

हे बोलताना तू हसलास. समोरचा एक दात पडलाय तुझा. मला माहीतच नव्हतं.

मी तरी हट्ट सोडला नाही. म्हटलं, नानाय आता नाही, तिला काय लागणार आहे, मी वाचणार म्हणजे वाचणार. तेव्हा तू म्हणालास,

"तोयांगचा पोरगा तापाने गेला तेव्हा डॉक्टर नव्हता, बोट नव्हती. होती ती नानाय. रात्रभर त्याच्या कपाळाला तेल लावत बसली होती. तोयांग अजून सांगते, शेवटी पोराचा चेहरा शांत झाला होता, तेलामुळे. ते ईस्टरनंतरचं आहे, इंदाय. ह्याच बरणीतलं. जा, पायरीवर उभी राहा आणि सांग तिला ते काय होतं."

तुझी टवाळी करणारी तीच आणि तू तिच्यासाठी गप्प आहेस, हे ऐकून मला तुझा रागच आला. खरंच आला. असं चांगलं असू नये माणसाने, बाकीच्यांना फार जड जातं. आणि त्या बायांचं काय, नोंग, ज्यांचा संघ मोडला? त्यांना सत्य कळायला नको? हे मी विचारलं तेव्हा तुझा चेहरा उतरला. "ते माझ्या डोक्यावर आहे. राहू दे," म्हणालास.

मिस्सा झाली. मी पायरीवर आले. लोक थांबले होते, सेल्याने सांगून ठेवलं असावं की इंदाय काहीतरी वाचणार आहे. नांग तोयांग समोरच होती, काळ्या कपड्यांत, नाक वर करून. मी म्हटलं, "जेवायला सगळ्यांनी घरी या."

जेवताना तू तिला वाढायला गेलास. तिने ताटावर आडवा हात धरला. "इंदायला वाढू दे," म्हणाली. मी वाढलं. ती माझा हात धरून म्हणाली, "तुझी आई संत होती गं. एकच दुःख घेऊन गेली." तू तिच्या मागे पातेलं धरून उभा होतास. मी मान डोलावली. नोंग, मी मान डोलावली!

तो कागद तू चुलीत घातलास, मी पाहिलं. माझ्याकडे फाइल आहे. ती मी पुसणार नाही. पण कोणाला दाखवणारही नाही.

तुझी इंदाय

सेबू, ५ एप्रिल, पवित्र आठवडा

नोंग,

परवा गुड फ्रायडे. शेजारणीने आजच कंद आणि केळी आणून ठेवलीत, नारळाच्या दुधात शिजवायला. मला विचारलं, तुझं काही करणार नाहीस का? मी म्हटलं, उद्याच्या बोटीने पत्र जाईल, भावाला विचारते.

तुझी दोन ओळींची चिठ्ठी डिसेंबरात मिळाली होती. "सेल्या बरी आहे. मासे बरे आहेत." उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसले की तोयांगचा हात माझ्या हातावर येतो. हल्ली कामावर सही करतानाही येतो. यंत्राने सांगितलं ते खरंच असतं, अजूनही मानते मी. पण त्याला एवढंच विचारता येतं की नळीत काय आहे. ते कोणी ओतलं आणि कशासाठी, हे मी भावाला विचारायला हवं होतं. तू मेल्यावरही गावात तुझं नाव तसंच राहील, आणि ते धुवायचा कागद माझ्याकडे असून मी गप्प बसेन. ह्याचं मला फार वाईट वाटतं. ते कमी होत नाही.

लोक येतात बरणीसाठी. कपड्यांच्या दुकानातल्या बाईचा नवरा गेला. ती पुन्हा आली होती, म्हणाली, त्रास न होता गेला, तेल होतं छातीवर. मी तिला चहा केला. कोणाला परत पाठवत नाही मी, बरणी मात्र खाली जात चालली. वरून बघितलं की काळी काटकी दिसते.

परवा भरायला हवी. कोपऱ्यावर दुकान आहे. काल तिथपर्यंत गेले होते, बाटली हातात घेतली, परत ठेवली.

सेल्या म्हणाली, उरलेल्या माडांना पुन्हा नारळ धरलेत, पहिला घड तू उतरवलास पण विकला नाहीस. त्याचं तेल काढ, नोंग. शुक्रवारी, नानायच्या चुलीवर, तुझ्या हाताने खोवून. गावात कोणी विचारलं तर सांग, इंदायने मागितलंय, आईच्या बरणीत घालायला. ऐकू दे त्यांना. तोयांगलाही ऐकू दे की नानायच्या बरणीत आता कार्पोचं तेल असतं. त्यावर ती काय बोलेल ते मी तिथे येऊन ऐकून घेईन.

शनिवारच्या बोटीने पाठव. मी धक्क्यावर उभी असेन. ते नळीत घालणार नाही. आधी माझ्या कपाळाला लावीन. मग तू येशील तेव्हा तुझ्या कपाळाला मी लावीन, नानायचं राहून गेलं ते.

आणि बाटली गळ्यापर्यंत भर.

तुझी इंदाय